मुंग्यांची अडचण

सून इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते, हे मावशी गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगायच्या, की जणू ते कॉलेज त्यांनीच बांधून सुनेला आंदण दिलंय. मावशी म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी. सुट्या तेलाचं दुकान त्यांचं. डबा उघडा, मापानं तेल काढा, नरसाळ्यातून बाटलीत सोडा, एवढ्या कामावर त्यांनी नवऱ्यामागे घर उभं केलं होतं आणि पोराला शिकवून साहेब केला होता. त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फार बोलत नसे. बोललाच, तर पुन्हा बोलत नसे.

त्या संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "यंदा मुलांना प्रश्नपत्रिकाच नाही दिली मी."

"का? छापायला विसरलीस?"

"नाही हो आई. प्रश्नच त्यांनी शोधायचा. बाहेर पडायचं, एखाद्या माणसाची खरी अडचण हुडकायची, आणि त्यावर काहीतरी बनवायचं. मोडलं, तर परत बनवायचं."

"आणि उत्तर?"

"उत्तर मलाही ठाऊक नाही."

मावशींचा घास हातातच राहिला. "तुलाही ठाऊक नाही? मग पगार कशाचा घेतेस गं?"

मुलगा खो-खो हसला. सूनही हसली, तिला सासूच्या जिभेची सवय झाली होती. मग ती हळूच म्हणाली, "माझी तीन मुलं तुमच्या दुकानात आली तर चालतील का? नुसती बसतील, बघतील."

मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगाच बोलला, "पाठव की. आईला काय जड जातंय तेही कळेल."

वाक्य साधंच होतं, पण मावशींना काट्यासारखं टोचलं. कारण मुलाचं एक बोलणं घरात ठरल्यासारखं होतं. आई, ज्या दिवशी तुझ्याच्यानं होणार नाही, त्या दिवशी शटर खाली. शेजारचा झेरॉक्सवाला त्या जागेवर डोळा ठेवूनच होता. आणि मावशींचा उजवा हात गेल्या काही महिन्यांपासून थरथरत होता.

हे कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे मावशींना तसं वाटत होतं. हात लपवायची त्यांनी एक शाळाच काढली होती. कोपर कमरेला दाबून धरायचं. गिऱ्हाइकालाच म्हणायचं, "धर रे बाटली नीट, तुझं तेल आहे की माझं?" तरी सांडलंच, तर बाटलीचं तोंड वाकडं, नाहीतर गिऱ्हाइकाचा हात कापरा. एका धडधाकट सुताराला तर त्यांनी डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, आणि तो बापडा खरंच जाऊन आला.

आता सून पोरं पाठवणार, पोरं बघणार, सुनेला सांगणार, सून नवऱ्याला सांगणार. शिकवणं-बिकवणं सगळी थाप. ज्याचं उत्तर मास्तरणीलाच येत नाही, असलं शिक्षण जगात असतं का कुठं? मावशींनी मनाशी खूणगाठ बांधली, की ही पोरं नव्हेत, हेर आहेत.

हेर दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाले. एक चष्मेवाली मुलगी, एक ताडमाड लंबू, आणि एक असा पोरगा जो काही केल्या बोलेना. मावशींनी त्याचं नाव तिथल्या तिथं मुका ठेवलं.

"आजी, तुमचं काम करताना तुम्हाला कशाची अडचण होते?" चष्मेवालीनं विचारलं.

"तुमची."

"नाही, म्हणजे रोजच्या कामात."

"रोज तुम्ही नसता, म्हणून अडचण नसते."

लंबूला हसू फुटलं. चष्मेवालीनं मात्र ते लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, हा मावशींना घोर लागला. पोरं फळीवर बसली. गिऱ्हाइकं येत-जात राहिली, आणि मुका डोळ्याची पापणी न लववता मावशींच्या हाताकडे बघत राहिला. मावशींनी कोपर असं काही कमरेला दाबलं की बरगडी दुखायला लागली.

"काय बघतोस रे? डोळे आहेत की खिळे?"

मुक्यानं मान खाली घातली. क्षणभरानं परत वर केली.

तासभर हे असंच चाललं. मावशींना कळून चुकलं, की अडचण हातात पडल्याशिवाय ही पीडा टळायची नाही. कुत्र्याला भाकर टाकल्याशिवाय ते दारातून हलत नाही, तशी गत. मग त्यांनी जी जिभेवर आली ती टाकली.

"मुंग्या," त्या म्हणाल्या. "मुंग्यांनी जीव नकोसा केलाय. डब्यांना लागतात. घ्या लिहून."

पोरांचे चेहरे खुलले. लंबूनं लगेच जमिनीवर पालथं पडून डब्यांखाली बघितलं. "आजी, एकही नाहीये."

नसणारच. मावशींच्या दुकानाची फरशी इतकी लख्ख, की मुंगी आलीच तर घसरून पडायची. "दुपारच्या असतात," मावशी म्हणाल्या. "आत्ता कामाला गेल्यात."

पोरं म्हणाली, ठीक, दुपारी येऊ.

आणि इथं मावशी फसल्या. एक खोटं बोललं की त्याची दहा पोरं पोसावी लागतात. जन्मभर ज्या बाईनं दुकानात कण सांडू दिला नाही, तिनं गल्लीत कोणी नाहीसं बघून पदराआडून साखर काढली, आणि डब्यांमागे चिमूट चिमूट पेरली. देवाला अक्षता वाहाव्यात तशी. वर पुटपुटल्या, "या गं बायांनो. नाहीतर नाक कापलं जाईल."

आल्या त्या. मुंग्यांना साखरेचा वास पुरतो, आवतण लागत नाही. त्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी ओळ, आणि आठवडा सरताना भिंतीतून अशी वरात निघाली की गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "मावशी, हे काय हो?" तिळाच्या तेलात दोन मुंग्या तरंगताना सापडल्या, त्या दिवशी मावशींना जेवण गेलं नाही. आता त्यांनी साखर बंद केली, पण मुंग्यांना ते कोण सांगणार?

पोरं तर आनंदात होती. पुठ्ठ्याचं काहीबाही जोडून आणायची, डब्याखाली सरकवायची, मुंग्या त्यावरून आरामात चढायच्या, आणि ही कार्टी टाळ्या पिटायची. "फसलं! मस्त फसलं!" मग लिहायची, मोडायची, दुसरं आणायची. एकदा पाण्याची थाळी, एकदा तेलकट कागद, एकदा उलटी वाटी. मावशींना काही म्हणता काही उमगेना. त्यांच्या शाळेत, जी काय दुसरीपर्यंत त्यांनी पाहिली, चुकलं की छडी बसायची. इथं चुकलं की पोरं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होती. आणि हेर म्हणावं तर हाताबद्दल अवाक्षर नाही. पोरं बावळट होती, की फार पोचलेली?

एक दिवस चष्मेवाली फळीवरून उतरून समोर उभी राहिली. "आजी, मॅडमनी सांगितलंय, अडचणीच्या मुळाशी जायचं. उत्तर मिळालं तरी परत 'का' विचारायचं."

"विचार बाई. तोंड तुझं आहे."

"मुंग्या का येतात?"

"साखर असते म्हणून."

"साखर का असते?"

मावशींनी फडकं घेऊन कोरडंच माप पुसायला घेतलं.

"म्हणजे," मुलगी निष्पापपणे म्हणाली, "तेलाच्या दुकानात साखर का?"

"चहाला!"

"चहा तर समोरच्या टपरीवरून येतो ना?"

मावशींचा पारा चढला. "अगं ए, तू काय पोलिसातून आलीस? तुझ्या सासरी जाशील तेव्हा विचार का नि कशाला. ऊठ, गिऱ्हाईक आलंय." मुलीचं तोंड एवढंसं झालं. मुका मात्र डब्यांमागच्या पांढऱ्या कणांकडे बघत होता, मग त्यानं मावशींकडे बघितलं, आणि ओठ आणखीच घट्ट मिटले.

रात्री जेवताना सून काही बोलेल म्हणून मावशी तयारीत बसल्या. जिभेला धार लावूनच. सून म्हणाली, "मुलं खूश आहेत तुमच्यावर." बस, एवढंच. लढायला निघावं नि समोर शत्रूच नसावा, तसं झालं.

मग कॉलेजातून बोलावणं आलं. पोरांचं काम बघायला बाहेरचे परीक्षक येणार, आणि ज्यांच्यासाठी वस्तू बनवली त्यांनी ती स्वतः वापरून दाखवायची. मावशी जाणार नव्हत्या. पण लंबू दुकानात येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही नाही आलात तर आम्ही तिघं नापास." हे ऐकून 'मग व्हा' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते शब्द काही बाहेर पडेनात. इस्त्रीचं लुगडं काढून त्या गेल्या.

कॉलेजातली ती खोली म्हणजे वर्ग म्हणावा तर बाक नाहीत, कारखाना म्हणावा तर आवाज नाही. लांब टेबलं, भिंतीला हत्यारं टांगलेली, प्रत्येक हत्यारामागे त्याच हत्याराचं चित्र काढलेलं. मावशींना हे आवडलं. पोरांनी लाकडाचा चौरंग केला होता, भोवती पाण्याची चर, वर तेलाचा डबा, शेजारी दुकानातूनच आणलेलं माप नि नरसाळं. खरं सांगायचं तर काम नीटस होतं.

परीक्षकाच्या शर्टाची बटणं पोटाशी झुंजत होती. ते म्हणाले, "दुकानात करता तसं करून दाखवा, बाई. एक बाटली भरा."

मावशींनी सवयीनं मागे बघितलं. बाटली धरायला गिऱ्हाईक नव्हतं. पोरं अदबीनं दूर उभी होती. सून खिडकीपाशी होती.

त्यांनी माप भरलं. कोपर कमरेला लावलं. नरसाळ्यापाशी हात गेला आणि असा हलला, की निम्मं तेल टेबलावर.

"टेबल डुगडुगतंय तुमचं," मावशी म्हणाल्या.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. चष्मेवाली धावली, टेबलावर पाणसळ ठेवली, बुडबुडा बघितला, चारही पाय हलवून बघितले. "नाही आजी, टेबल पक्कं आहे." आणि फळ्यावर लिहिलं, टेबल. वर काट मारली. "परत करा."

परत केलं. परत सांडलं.

"बाटलीचं तोंड अरुंद आहे."

लंबूनं मोठ्या तोंडाची बाटली आणली. तेल बाटलीच्या बाहेरून ओघळलं. फळ्यावर बाटली, वर काट.

"माप गळतंय."

मुक्यानं माप पाण्यानं भरून उजेडासमोर धरलं, सगळ्यांनी वाट बघितली. थेंब पडला नाही. माप, काट.

"इथं उजेड कुठाय?"

पडदे सरकवले. ऊन सरळ मावशींच्या हातावर येऊन पडलं. उजेड, काट.

पोरांच्या तोंडावर तिळमात्र कुत्सितपणा असता, तर मावशींनी एकेकाचं थोबाड रंगवलं असतं. पण पोरं खरंच शोधत होती. मावशींचा एकेक शब्द खरा मानून, तपासून, जपून बाजूला ठेवत होती. आणि मावशी बघत होत्या, की आपण उभ्या आहोत ती जमीन हातहात कमी होतेय. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. आता अंगण चारी बाजूंनी मोजून सरळ निघालं होतं.

"आता काय उरलं?" परीक्षकांनी घड्याळ बघत विचारलं.

चष्मेवालीनं खडू हातात धरला होता, पण लिहीना. मुका तर आता मावशींच्या हाताकडे बघतच नव्हता. तो छताकडे बघत होता. तेव्हा मावशींच्या डोक्यात वीज चमकली, की पोरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी मुंग्यांमागे धावली. का? मावशींनी मुंग्या म्हटलं, म्हणून? एवढ्याचसाठी?

"नरसाळं," खिडकीकडून आवाज आला. सून. "नरसाळ्याचा उतार चुकीचा असेल. त्यामुळे सांडत असेल."

सगळे वळले. पोरं तोंडाचा आ वासून मॅडमकडे बघत होती, कारण तपासल्याशिवाय बोलू नका असं वर्षभर सांगणारी हीच. सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ती नजर चुकवत होती.

मावशींना काही समजेना. हीच ना ती, जिनं हेर धाडले? मग आता सावज हातात आल्यावर दोर का सोडतेय? पण त्याहून एक गोष्ट त्यांना आतून जाळत गेली. सुनेनं आपल्यासाठी चारचौघांत खोटं बोलावं? आपली लाज झाकायला तिनं तिचा पदर द्यावा? असे दिवस आले का?

"नरसाळ्याला काय धाड भरलीय?" मावशी कडाडल्या. "माझ्या सासूच्या हातचं नरसाळं ते. त्यानं उभ्या जन्मात थेंब वाया घालवला नाही. उगाच मुक्या वस्तूवर आळ घेऊ नकोस. हात हलतो माझा. हा बघा, हा. लिही गं ए चष्मेवाली, खडू काय शोभेला धरलास?"

चष्मेवालीनं लिहिलं, हात. आणि त्यावर काट मारली नाही.

परीक्षक गोंधळले. "म्हणजे मुंग्यांची अडचण नव्हतीच?"

"आता आहे," मावशी म्हणाल्या. "आधी नव्हती."

"मग या मुलांना मार्क कशाचे द्यायचे?"

"आज नकाच देऊ, सर," सून म्हणाली. "त्यांना परत पहिल्यापासून करू द्या."

आणि ती तिन्ही कार्टी हसली! मुका तर उघड हसला, दात दाखवून. पहिल्यापासून करा म्हटल्यावर हसतं का कुणी? मावशींनी कपाळाला हात लावला, तोही थरथरत होता, आणि आता कोण बघतंय याची त्यांना पर्वा उरली नव्हती. किंवा होती. त्यांचं त्यांनाच कळेना.

घरी जाताना सासू-सून बसथांब्यापर्यंत चालत गेल्या.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" मावशींनी शेवटी विचारलं.

"तुम्ही चहा अर्धाच कप घ्यायला लागलात तेव्हापासून."

"म्हणून पोरं धाडलीस. पकडायला."

"धाडली, हो." सून थांबली. "पकडायला नाही. मला वाटलं, मला तर तुम्ही सांगणार नाही. परक्या मुलांना सांगाल. तर तुम्ही मुंग्या सांगितल्या."

मावशींना हसावं की रागवावं कळेना, म्हणून त्यांनी खोकून घेतलं. "आता नवऱ्याला सांगशील. तो शटर पाडेल. झेरॉक्सवाला पेढे वाटेल."

"काय सांगू त्याला? अजून प्रश्नच नीट लिहून झालेला नाही. मुलं सोमवारी येतील, पहिल्यापासून बघतील. दुकान उघडं लागेल, तुम्ही बसलेल्या लागाल. नाहीतर बघणार काय?"

"आणि किती दिवस चालतं हे?"

"उत्तर सापडेपर्यंत."

"नाही सापडलं तर?"

"तर चालूच."

मावशी चालता चालता थबकल्या. सुनेच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ही शिक्षा होती की उपकार? सून साधी, की सात सासवांना विकून खाईल अशी? चेहऱ्यावर काही सापडलं नाही. "तुझं शिकवणं मला शेवटपर्यंत कळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही अधूनमधून कळत नाही, आई."

सोमवारी पोरं आली. मावशींनी कोपर कमरेला लावलं नाही. तेल सांडू दिलं. चष्मेवालीनं विचारलं, "आजी, माप जड असलं की हात जास्त हलतो, की हलकं असलं की?" आणि मावशींच्या लक्षात आलं, की हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच कधी विचारला नव्हता. हात हलतो, या भीतीपलीकडे त्यांनी हाताकडे बघितलंच नव्हतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून त्या दुकानात पहिल्यांदाच निघाले असावेत, कारण समोरचं गिऱ्हाईकसुद्धा चमकलं.

मुक्यानं मावशींच्या मनगटाला वाळूची पिशवी बांधून बघितली. सांडलं. दुसरी बांधली. वेगळं सांडलं. पोरं एकमेकांत काहीतरी बोलू लागली, हातवारे करू लागली.

नेमका तेव्हाच मुलगा दारात आला. ऑफिसातून मधल्या वेळेत कधी न येणारा. बायकोनं सांगितलं, की आपसूक आला, देव जाणे. फरशीवर तेल, आईच्या मनगटाला पिशव्या, समोर तीन कॉलेजची पोरं. तो नुसता बघत राहिला.

"आई, हे काय चाललंय? तुझा हात..."

मावशींनी माप खाली ठेवलं नाही.

"कॉलेजचं काम आहे," त्या म्हणाल्या. "अजून कुणालाच काही कळलेलं नाही, तेव्हा तूही विचारू नकोस. आणि दारातून बाजूला हो, पोरांना उजेड लागतो."

मुलगा एकदा आईकडे, एकदा पोरांकडे बघत तिथंच घुटमळला. मग, काय करावं न सुचून, बाजूला सरकला.